रूळ गेले, चढ राहिला

डोंगराळ मुलखात सायकल चालवताना दोन गोष्टी जीव नकोसा करतात. एक चढ आणि दुसरी म्हणजे मागून भोंगा वाजवत येणारी मोटार. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्ट या टेकड्यांच्या प्रदेशात, काही वाटा अशा आहेत की तेथे मोटारींना मज्जावच आहे. बारीक खडी दाबून केलेल्या या वाटांच्या कडेला कुरणे, दगडी गडगे आणि मेंढ्या. चढाचा प्रकार मात्र चमत्कारिक आहे. यांतील ‘हाय पीक ट्रेल’ नावाच्या वाटेवर सुरुवातीलाच अशा उभ्या चढणी लागतात की भलाभला सायकलस्वार खाली उतरून सायकल ढकलू लागतो. आणि त्या संपल्या की भोवताली टेकड्या असूनही वाट किलोमीटरच्या किलोमीटर जवळजवळ सपाट! सायकलसाठी रस्ता आखणाऱ्या कोणीही असा आराखडा केला नसता. तो तसा का झाला, हे समजण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

या प्रदेशाच्या दक्षिण टोकाला क्रॉमफर्ड हे गाव आहे. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये पाण्याच्या शक्तीवर चालणारी आपली सूतगिरणी येथेच उभारली. क्रॉमफर्डला पुढे कालवा आला. उत्तरेकडे व्हेली ब्रिज येथे मँचेस्टरकडे जाणारा दुसरा कालवा होता. दोन्हींच्या मध्ये होते ते चुनखडकाचे पठार. ते ओलांडून कालवे जोडता आले तर कोळसा, चुना, धान्य सारेच स्वस्तात इकडचे तिकडे जाईल, असा विचार झाला. पण कालव्याला पाणी लागते, आणि चुनखडकाच्या भेगांतून पाणी झिरपून जाते. पठारावर कालवा भरून ठेवण्याइतके पाणी मिळणे शक्य नव्हते. तेव्हा कालव्याऐवजी लोखंडी रुळांचा मार्ग करावा असे ठरले आणि १८२५ मध्ये पार्लमेंटने त्याला मंजुरी दिली.

हे साल लक्षात घ्या. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली. स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ यायला अजून चार वर्षे होती. चालते वाफेचे इंजीन डोंगर चढेल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. शिवाय आराखडा करणारा जोसायस जेसप हा कालवे बांधणाऱ्या विल्यम जेसपचा मुलगा. त्याने रेल्वे आखली ती कालव्यासारखी! कालव्यात काय असते? पाण्याचे लांब सपाट टप्पे आणि त्यांना जोडणारी, नाव एकदम वर उचलणारी दरवाज्यांची कुंडे. जेसपने तसेच केले. सपाट टप्प्यांवर घोडे वाघिणी ओढत. दोन टप्प्यांच्या मध्ये तीव्र उतार, आणि त्याच्या माथ्यावर एका जागी पक्के बसवलेले वाफेचे इंजीन. ते साखळीने वाघिणी वर खेची. ५३ किलोमीटरचा हा मार्ग १८३०-३१ मध्ये पुरा झाला. स्थानकांना नाव काय दिले, तर ‘व्हार्फ’, म्हणजे गोदीचा धक्का. पाण्याचा थेंब नसलेल्या माळावर धक्के! आपल्या डोक्यातली जुनी चौकट नव्या यंत्रावर कशी बसते याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

मिडलटन गावाजवळच्या चढणीवर दर आठ-साडेआठ मीटरला एक मीटर चढ आहे. तेथले १८२९ सालचे इंजीन १९६३ पर्यंत काम करीत होते आणि आजही इंजीनघरात जपून ठेवलेले आहे. अशी व्यवस्था धोक्याची होतीच. १८८८ मध्ये क्रॉमफर्डच्या वरच्या चढणीवरून दोन वाघिणी सुटल्या. एकीत चुना होता, दुसरीत बंदुकीची दारू. पायथ्यापर्यंत त्यांनी एवढा वेग घेतला की कालवा आणि पलीकडचे मुख्य रेल्वेचे दोन्ही मार्ग ओलांडून त्या शेतात जाऊन पडल्या आणि दारूचा स्फोट झाला. नंतर सुटलेल्या वाघिणी अडवण्यासाठी उतारावर खड्डा करण्यात आला. आजच्या वाटेवरून जाताना तो दिसतो.

चालत्या इंजिनावर विश्वास बसल्यावर जे मार्ग झाले त्यांचे रूप अगदी वेगळे. बेकवेलजवळून वाय नदीच्या खोऱ्यातून बक्स्टनकडे जाणारा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि ॲशबोर्नहून येणारा १८९९ मध्ये. यांत खेचून नेण्याच्या चढणी नाहीत. टेकडी आडवी आली की बोगदा, दरी आली की पूल, आणि चढ सगळीकडे बेताचा. वायच्या खोऱ्यात तो साधारण शंभरास एक. एवढा खर्च कशासाठी?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. एक टन वजनाची वाघीण सपाट रुळांवर चालती ठेवायला सुमारे २० न्यूटन बल पुरते. तोच भार बैलगाडीतून मातीच्या रस्त्याने न्यायचा तर ५०० न्यूटन तरी लागेल. आता दोघांनाही शंभरास एक चढ द्या. गुरुत्वाकर्षणामुळे प्रत्येकाला आणखी ९८ न्यूटन बल लागेल. बैलाच्या दृष्टीने ही वाढ एक-पंचमांश. तो मान थोडी खाली घालेल इतकेच. वाघिणीला मात्र पूर्वीच्या जवळजवळ सहापट ओढ हवी. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज फिरते हा रेल्वेचा गुण, आणि म्हणूनच थोडासा चढही तिला जड जातो. (त्याच १८६३ मध्ये सुरू झालेल्या आपल्या बोरघाटातला चढ सदतिसास एक आहे. सह्याद्रीपुढे तेथल्या अभियंत्यांना एवढी तडजोड करावी लागली, म्हणूनच गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात.) वर्गात एक फळी, स्प्रिंगचा काटा, चाकाची खेळण्यातली गाडी आणि तेवढ्याच वजनाचा लाकडी ठोकळा घेऊन हा फरक मुलांना मोजता येईल. फळीचे एक टोक थोडे उचलले की गाडीच्या वाचनात किती पट वाढ होते आणि ठोकळ्याच्या किती, हे त्यांनाच काढू द्यावे.

सायकलस्वाराला या काटकसरीचा आयता फायदा मिळतो. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरू. दाबलेल्या खडीवर चाकांचा रोध साधारण ९ न्यूटन येतो आणि शंभरास एक चढाचाही तेवढाच. म्हणजे खडीचा रस्ता हा, पायांच्या हिशेबाने, डांबरीपेक्षा थोडा ‘चढाचा’च असतो. ताशी १५ किलोमीटरने जायला हवेचा रोध धरून १०० वॉट शक्ती पुरेल. निरोगी माणूस तेवढी तासभर सहज देतो. आता तेच १०० वॉट घेऊन मिडलटनची चढण चढू पाहा. एकूण विरोध ११२ न्यूटनच्या आसपास जातो आणि वेग उतरतो ताशी सव्वातीन किलोमीटरवर. हा चालण्याहूनही कमी. इतक्या कमी वेगात सायकलचा तोल राहात नाही. उतरून ढकलणाऱ्याने ओशाळण्याचे कारण नाही.

या रेल्वे गेल्या कशा? मोटारी आणि ट्रक वाढले, रेल्वेला तोटा होऊ लागला, आणि १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग बंद करण्याची शिफारस केली. १९६७-६८ पर्यंत हे तिन्ही मार्ग बंद झाले. देशात अनेक ठिकाणी पुढे जे घडले ते असे : रूळ भंगारात, पूल पाडलेले, जमीन तुकड्या-तुकड्यांनी शेजारच्यांना विकलेली. रेल्वेमार्गाची खरी किंमत त्याच्या सलगपणात असते. मधला एक किलोमीटर गेला की उरलेले तुकडे कशाच्याही उपयोगाचे राहात नाहीत, आणि ती जमीन पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य असते.

येथे तसे झाले नाही, याला थोडा इतिहास आहे. मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखान्यांच्या शहरांमधले कामगार रविवारी पायी किंवा सायकलने या टेकड्यांकडे येत, पण पठाराचा मोठा भाग जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवला होता. एप्रिल १९३२ मध्ये शेकडो तरुण बंदी मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. त्यांचा वीस वर्षांचा पुढारी बेनी रॉथमन पोलिसांची नजर चुकवण्यासाठी मँचेस्टरहून आगगाडीऐवजी सायकलनेच आला होता. त्याला चार महिन्यांची कैद झाली. मात्र लोकांनी मोकळ्या जागेचा हक्क मागणे थांबवले नाही आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्यामुळे रेल्वे बंद पडली तेव्हा ती जमीन घेऊ शकेल अशी एक सार्वजनिक संस्था तेथे हजर होती. उद्यानाच्या मंडळाने १९६८ मध्ये ॲशबोर्नचा मार्ग विकत घेतला, आणि १९७१ मध्ये ‘टिसिंग्टन ट्रेल’ खुली झाली. ब्रिटनमधल्या अशा पहिल्या काही वाटांपैकी ती एक. जेसपच्या मार्गाचा मोठा भागही याच सुमारास ‘हाय पीक ट्रेल’ झाला. पार्सली हे या ठिकाणी दोन्ही वाटा एकत्र येतात.

वायच्या खोऱ्यातला मार्ग १९८१ मध्ये ‘मॉन्सल ट्रेल’ म्हणून खुला झाला, पण अर्धवटच. बोगदे धोकादायक म्हणून बंद ठेवलेले. चालणारा माणूस पायऱ्या उतरून नदीकाठाने वळसा घालू शके. सायकलस्वाराची मात्र वाट खुंटे. सलगपणाचे महत्त्व तीस वर्षे असे उलट्या बाजूने दिसत राहिले. २०११ मध्ये दुरुस्ती करून, दिवे लावून बोगदे उघडले आणि सुमारे १४ किलोमीटरची वाट एकसंध झाली.

या वाटेवर मॉन्सल हेड येथे पाच कमानींचा उंच दगडी पूल आहे. तो बांधला गेला तेव्हा जॉन रस्किन फार चिडला होता. बक्स्टनच्या मंडळींना अर्ध्या तासात बेकवेल गाठता यावे एवढ्यासाठी सुंदर दरीचा नाश केला, अशा अर्थाचे त्याने १८७० च्या दशकात लिहिले. शंभर वर्षांच्या आत, १९७० मध्ये, तोच पूल संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झाला. आज तो पाहायलाच लोक येतात.

वाद अर्थात संपलेला नाही. ट्रकांनी भरलेले रस्ते मोकळे करायचे तर या खोऱ्यातून पुन्हा रेल्वे न्यावी, अशी मागणी गेली अनेक वर्षे होत आहे. मार्ग सलग राहिला आहे, पूल-बोगदे शाबूत आहेत, म्हणूनच ती करता तरी येते. आणि त्याच मार्गावर आता सायकलस्वार, चालणारे आणि घोडेस्वार यांचीही सवयीची वाट आहे. दुहेरी रूळ आणि सायकलवाट शेजारी-शेजारी बसतील एवढी त्या बोगद्यांची रुंदी नाही.