कारखाना आणि संसार एकाच आवारात

पुढे दुकान, मागे संसार ही आपल्या पेठांची जुनी रीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तीच कारखान्याच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर आचरणात आणली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ ३२ एकर माळरान दिले. १९१० साली कामगार कुटुंबांसह तेथे आले. निवडुंग तोडून त्यांनी कारखाना व घरे शेजारी शेजारी उभारली आणि तेथे लोखंडी नांगर घडू लागले. शिक्षा भोगलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी रात्रीचा पहारा सोपविला. ज्याच्या भरवशावर अवघी वस्ती निर्धास्त झोपते, तो परका कसा राहील? किर्लोस्करवाडीचा खरा पाया हा विश्वासच होता.