रोगमुक्तीची प्रार्थना, ख्रिस्ती
रोग्यास आरोग्य लाभावे म्हणून ख्रिस्ती धर्मीयांनी ईश्वराकडे केलेली याचना आणि तिच्याशी निगडित असलेले हस्तस्पर्श, तैलाभ्यंग, तीर्थयात्रा इ. विधी. ख्रिस्ती धर्माच्या बहुतेक सर्व पंथांत ही प्रार्थना आढळते. तथापि तिचे फळ कोणते आणि वैद्यकाशी तिचे नाते काय, या दोन प्रश्नांना निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली. प्रार्थना करणाऱ्याने औषध घेऊ नये, हे मत प्राचीन श्रद्धेचा अवशेष असल्याचा समज आहे. वस्तुतः पंथाचा नियम म्हणून ते मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात पुढे आले.

शुभवर्तमानांत येशू ख्रिस्ताने आंधळे, पक्षाघाती, कुष्ठरोगी यांना बरे केल्याच्या अनेक कथा आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात शिष्यांनी रोग्यांना तेल लावल्याचा उल्लेख येतो. याकोबाच्या पत्रात (५ : १४-१५) रोग्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. पुढील सर्व परंपरांचा आधार म्हणजे हा उतारा होय. परंतु त्याच नव्या करारात दुसरी बाजूही आहे. आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा केलेली याचना मान्य झाली नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला आहे. लूक हा तर वैद्यच होता. जन्मांधाच्या कथेत त्याचे अंधत्व हे त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापाचे फळ नव्हे, असे येशूने स्पष्ट केले. रोग बरा न झाल्यास रोग्याच्याच श्रद्धेत उणीव शोधणाऱ्या नंतरच्या प्रचारकांनी या स्थळांकडे दुर्लक्ष केलेले दिसते.

आरंभीच्या शतकांत तेल हे घरगुती वापराचे होते. ४१६ मध्ये पोप पहिला इनोसंट याने एका बिशपला लिहिलेल्या पत्रावरून, बिशपने पवित्र केलेले तेल सामान्य ख्रिस्ती माणूसही स्वतःसाठी वा कुटुंबीयांसाठी वापरू शकत असे, हे कळते. याच सुमाराच्या थोडे आधी संत बॅसिल (सु. ३३०–७९) याने आशिया मायनरमधील सिझेरिया येथे रोग्यांसाठी व निराधारांसाठी मोठी संस्था उभारली. वैद्यक ही ईश्वराची देणगी आहे, मात्र सारी भिस्त तिच्यावरच ठेवू नये, असे त्याचे मत होते. मध्ययुगीन मठांतील औषधी वनस्पतींच्या बागा आणि रुग्णगृहे हे याच विचाराचे फळ होय.

मध्ययुगात या विधीचा अर्थच पालटला. आठव्या-नवव्या शतकांपासून तैलाभ्यंगाचा अधिकार धर्मगुरूंपुरता मर्यादित झाला व त्याची सांगड मरणासन्न व्यक्तीच्या पापक्षालनाशी घातली गेली. त्याला ‘अंत्य तैलाभ्यंग’ हे नाव पडले. जो विधी बरे होण्यासाठी होता, त्यासाठी धर्मगुरू दारात आला की, आता घरच्यांनी आशा सोडावी, असा अर्थ झाला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वैद्यांना असा आदेश दिला, की त्यांनी रोग्यास प्रथम धर्मगुरूला बोलावण्यास सांगावे. त्यामागील एक कारण असे, की वैद्याने उशिरा हे सुचविल्यास रोगी हताश होऊन मृत्यू ओढवतो. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये या संस्काराचे समर्थन केले. जुना अर्थ परत येण्यास चार शतके लागली : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ‘रुग्णांचे तैलाभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरविले आणि पोप सहावा पॉल याने १९७२ मध्ये विधीची नवी रचना जाहीर केली.

प्रॉटेस्टंट सुधारकांनी तैलाभ्यंगास संस्कार मानले नाही. रोग बरे करण्याचे वरदान प्रेषितांच्या काळापुरतेच होते, असे कॅल्व्हिनचे मत होते. इंग्लंडमधील १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात असलेला हा विधी १५५२ च्या आवृत्तीतून गाळण्यात आला.

एकोणिसाव्या शतकात रोगमुक्तीच्या प्रार्थनेस नवे बळ मिळाले. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ मध्ये बेर्नादेत सूबिरू या मुलीस मरियेचे दर्शन झाल्याच्या श्रद्धेतून मोठे तीर्थक्षेत्र उदयास आले. तेथे १८८३ पासून वैद्यांकरवी दाव्यांची तपासणी होते. सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले असले, तरी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सत्तरच्या आसपासच आहे. स्वित्झर्लंडमध्ये डोरोथेआ ट्रूडेल हिने प्रार्थनागृह चालविले. परवान्याविना उपचार केल्याच्या आरोपातून ती १८६१ मध्ये सुटली. अमेरिकेत जॉन अलेक्झांडर डॉवी (१८४७–१९०७) याने औषधे व डॉक्टर यांच्याविरुद्ध उघड मोहीम चालवून इलिनॉय राज्यात झायन हे नगर वसविले.

या मताची कसोटी इंग्लंडमधील न्यायालयांत लागली. एसेक्स परगण्यात १८३८ मध्ये स्थापन झालेला ‘पिक्युलिअर पीपल’ हा पंथ याकोबाच्या पत्राचा शब्दशः अर्थ लावून वैद्यकीय उपचार नाकारीत असे. संस्थापक जेम्स बॅन्यर्ड याने स्वतःचे मूल आजारी पडल्यावर डॉक्टरास बोलावले, तेव्हा अनुयायांनी त्याचेच नेतृत्व झुगारले. १८६८ मध्ये न्यूमोनियाने दगावलेल्या एका बालकाचे आईबाप, त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती म्हणून, सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त झाले. त्याच वर्षी पार्लमेंटने मुलास वैद्यकीय साहाय्य न देणे हा आईबापांचा गुन्हा ठरविला. त्या आधारे १८७५ व १८९९ च्या खटल्यांत दोषसिद्धी झाली. प्रौढाने स्वतःपुरते औषध नाकारणे आणि अजाण मुलाच्या वतीने ते नाकारणे यांतील भेद येथे कायद्याने मान्य केला. अमेरिकेत मात्र अनेक राज्यांनी धार्मिक कारणास्तव सूट दिली. १९७५ ते १९९५ या काळातील अशा १७२ बालमृत्यूंचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४० मुले ज्या विकारांनी मरण पावली, त्यांत उपचारांनी वाचण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक होते. ऑरेगन राज्याने ही सूट २०११ मध्ये रद्द केली.

प्रार्थनेचे फळ मोजता येईल काय, हा वादही इंग्लंडमधलाच. १८७१ च्या अखेरीस विषमज्वराने अत्यवस्थ झालेला युवराज देशभर झालेल्या प्रार्थनांनंतर बरा झाला. १८७२ मध्ये जॉन टिंडल या भौतिकीविज्ञाने एक सूचना प्रसिद्धीस दिली : रुग्णालयाच्या एका कक्षासाठी काही वर्षे प्रार्थना करून मृत्युप्रमाणाची तुलना करावी. त्याच वर्षी फ्रान्सिस गॉल्टनने दाखविले, की ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी सर्वत्र प्रार्थना होते, त्या राजघराण्यांतील पुरुषांचे सरासरी आयुष्य (सु. ६४ वर्षे) इतर सुखवस्तू वर्गांहून कमीच भरते. ईश्वराची परीक्षा पाहणे हेच प्रार्थनेच्या स्वरूपाशी विसंगत आहे, असे धर्मपंडितांचे उत्तर होते. टिंडलने मांडलेल्या सूचनेसारखा प्रयोग पुढे अमेरिकेत झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हृदयशस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण होते. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के व न झालेल्यांत ५१ टक्के रुग्णांना उपद्रव झाले. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के होते. अनोळखी व्यक्तींनी दिलेल्या नावांसाठी केलेल्या अशा प्रार्थनेवरून आप्तांनी उशाशी बसून केलेल्या प्रार्थनेविषयी निष्कर्ष काढणे मात्र कठीण आहे.

महाराष्ट्रात प्रार्थना व उपचार हे दोन्ही प्रवाह दिसतात. मिरज येथे विल्यम वॉनलेस या मिशनरी शल्यचिकित्सकाने १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. मुंबईत वांद्रे येथील माउंट मेरीच्या सप्टेंबरमधील जत्रेत हात, पाय, डोळे अशा अवयवांच्या आकाराच्या मेणाच्या प्रतिमा वाहण्यात येतात. माहीम येथील सेंट मायकेल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेस १९४८ पासून गर्दी होते. या दोन्ही ठिकाणी येणाऱ्यांत हिंदू व इतर धर्मीयही मोठ्या संख्येने असतात.