दौलताबादच्या खड्ड्यात

शिडी कातड्याची आहे. तिच्यावरून तुम्ही देवगिरीचा, म्हणजेच दौलताबादचा, कडा चढता आणि अंधार पडला की पहारेकरी ती वर ओढून घेतात. आता सकाळपर्यंत सुटका नाही.

चांद मिनार शोधू नका. तो उभा राहायला अजून शंभरेक वर्षं आहेत. औरंगाबादही दिसणार नाही. त्याची मूळ वस्ती, मलिक अंबरची खडकी, वसेल १६१० साली. सध्या दिल्लीच्या गादीवर महंमद तुघलक आहे, आणि मोठ्या गुन्ह्यांचे कैदी या किल्ल्यावर येतात.

तुम्हांला ज्या खड्ड्यात उतरवतात, तो उंदरांचा खड्डा. उंदीर कसले, घुशीच. मांजराहून मोठ्या, मांजरंच त्यांना बघून पळतात. शेजारी मलिक खत्ताब हा अफगाण सरदार बसलाय. रात्र पडली की घुशी चालून येतात. तो हातांनी, पायांनी त्यांना हाकलतो, तुम्हीही हाकलता. डोळा लागला की संपलं. एकदा स्वप्नात कोणीतरी त्याला सांगतं, कुराणातली सूरह इख्लास एक लाख वेळा म्हण, सुटशील. तो म्हणू लागतो.

शेजारच्या खड्ड्यात मलिक मल आजारी पडतो. त्याच्यात हाकलायची ताकद उरत नाही. घुशी त्याची बोटं खातात, डोळे खातात. तो मरतो. हे कानावर गेल्यावर सुलतान हुकूम देतो: खत्ताबला काढा, नाहीतर त्यालाही खातील. खत्ताबनं ही हकिकत पुढं स्वतः प्रवासी इब्न बतूताला सांगितली.

कोणी म्हणेल, खड्ड्यानंच त्याला देव आठवला ना? मला हे पटत नाही. तिथं माणूस जप करतो तो सुटण्यासाठी. आपलं काय चुकलं याचा विचार करायला घुशी उसंत देत नाहीत.

आता १३४५. गुजरातच्या स्वारीवर निघालेल्या सुलतानाच्या छावणीत, इतिहासकार जियाउद्दीन बरनीच्या मागं उभे राहा. राजानं देहदंड कधी द्यावा, असं सुलतान त्याला विचारतो. बरनी जुने दाखले देऊन मोजके सात गुन्हे सांगतो. सुलतानाचं समाधान होत नाही. पूर्वीची माणसं वेगळी होती, मी नुसत्या संशयावरही शिक्षा देतो, आणि एकतर मी मरेन किंवा लोक सरळ होतील तोवर देत राहीन, असं तो सांगतो. हा माणूस अडाणी नाही, मोठा विद्वान आहे. म्हणूनच त्याचं बोलणं ऐकून जास्त भीती वाटते.

दौलताबादेत याच सुलतानाचा गुरू कुतलुग खान सुभेदार होता. त्याच्या मायेच्या कारभारावर रयत खूश होती. त्याला परत बोलावलं तेव्हा लोक हवालदिल झाले. त्यातच धारला सुलतानाचा अधिकारी अझीझ खम्मार यानं ऐंशीहून जास्त सदा अमीर, म्हणजे शंभर स्वारांचे अंमलदार, कापून काढले. आणि आता दौलताबादच्या सदा अमीरांना गुजरातेत हजर व्हायचा हुकूम आलाय.

त्यांच्याबरोबर निघा. पहिल्याच मुक्कामाला कुजबुज सुरू होते: गुन्हा केला काय, न केला काय, मान जाणारच. मग भ्यायचं कशाला? ते सोबतच्या शाही सरदारांना मारतात, माघारी फिरतात, किल्ला घेतात आणि इस्माईल मुखला सुलतान करतात. पुढं हरल्यावर ज्यांनी याच किल्ल्याचा आसरा घेतला, त्यांत त्या मलिक मलचा मुलगा नासिरुद्दीन होता, असं इब्न बतूता लिहितो.

सुलतान किल्ल्याला वेढा घालतो, तोच गुजरातेत तगी नावाचा बंडखोर उठतो आणि त्याला तिकडं वळावं लागतं. ३ ऑगस्ट १३४७ रोजी इस्माईल मुखच्या जागी बंडखोरांतलाच हसन हा बहमनशहा म्हणून गादीवर बसतो, आणि दख्खन दिल्लीच्या हातून जाते.

तगीच्या पाठलागावर बरनी बरोबरच आहे. लोक जितके उठतील तितकी मी तलवार चालवीन, असं सुलतान त्याला ऐकवतो. ही बंडं तुमच्याच शिक्षांनी पेटलीत, काही दिवस हात आवरा, असं सांगावंसं बरनीला वाटतं. पण सुलतानाच्या रागाच्या धाकानं तो गप्प बसतो. हे त्यानं लिहून ठेवलं ते सुलतान गेल्यावर, १३५७ साली पुऱ्या केलेल्या आपल्या इतिहासात.