उपवासात स्नायू का झिजतात?

नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात १९३३ मध्ये 'श्यामची आई' लिहिणाऱ्या साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे, म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केले. अशा उपोषणात शरीर स्वतःच्या स्नायूंतील प्रथिने मोडू लागते. या व्यवहाराची सूत्रे संप्रेरकांच्या हाती असतात.

जेवणानंतर स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन स्नायुपेशींतील प्रथिनांची मोडतोड रोखते. उपवासात ते घटते आणि अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिसॉलचा प्रभाव वाढतो. मग 'युबिक्विटिन' हे छोटे प्रथिन मोडावयाच्या प्रथिनांना खुणेसारखे चिकटते व 'प्रोटिॲझोम' त्यांचे तुकडे करतो. या यंत्रणेच्या शोधासाठी ॲरॉन सिखानोव्हर, अव्राम हर्शको आणि आयर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सुटलेल्या ॲमिनो आम्लांपासून यकृत ग्लुकोज बनवते. ते मेंदूला लागते. काही दिवसांनी मेंदू चरबीपासून बनलेल्या कीटोनवर बरीचशी गरज भागवतो. त्यामुळे झीज मंदावते. थांबत मात्र नाही.

अनियंत्रित मधुमेह, थायरॉइड संप्रेरकाचा अतिरेक आणि प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडचे दीर्घ सेवन यांतही स्नायू झिजतात. मांड्या अशक्त होऊन जिना चढणे, खुर्चीतून उठणे जड जाते. तरीही स्टेरॉइड परस्पर बंद करू नये. दीर्घ सेवनाने शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलनिर्मिती मंदावलेली असते. औषध एकाएकी थांबविणे जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी.