ब्रुंदिबार : बालकांचें एक संगीत नाटक

शाळेचा उत्सव आला कीं मुलांचें संगीत नाटक बसवावयाचें, ही प्रथा आमच्या वाचकांस नवी नाहीं. रंगविलेले पडदे, पाठांतराची धांदल, एखाद्या लहानग्याचें ऐन वेळीं रुसून बसणें, हें सारें आपण पाहिलेलें आहे. त्या नाटकांतून मुलांनीं कोणता सद्गुण घ्यावा, हेंही आपण वडील माणसें आधींच ठरवून टाकतों. परंतु एका बालनाटकांतील बोध मुलांच्या दुर्दैवामुळें बदलावा लागला. त्याचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

प्रागचे संगीतकार हान्स क्रासा यांनीं इ. स. १९३८ सालीं, आडोल्फ हॉफमायस्टर यांच्या शब्दांवर, 'ब्रुंदिबार' हें संगीत नाटक रचिलें. निमित्त एका सरकारी स्पर्धेचें होतें. देशावर संकट कोसळलें आणि स्पर्धा बारगळली. कथानक साधें आहे. पेपिचेक व अनिंका या भावंडांची आई आजारी. तिला दूध हवें, आणि घरांत पैसा नाहीं. म्हणून तीं बाजारांत गाऊं लागतात. मूठ फिरवून वाजविण्याच्या पेटीवर पोट भरणारा ब्रुंदिबार त्यांस हुसकून लावतो. मग चिमणी, मांजर, कुत्रा आणि गांवचीं मुलें त्यांच्या मदतीस येतात. सर्वांनीं मिळून अंगाई म्हटल्यावर पैसे जमतात. ब्रुंदिबार ते चोरतो आणि मुलें त्यास पकडतात.

जो आईबापांवर व मायभूमीवर प्रेम करतो तो आमचा मित्र, असा मूळच्या शेवटाचा आशय होता. नाटक आम्ही बसविलें असतें, तर बहुधा एवढ्यावरच थांबलों असतों.

प्रागच्या ज्यू अनाथालयांतील मुलांनीं १९४२ च्या हिंवाळ्यांत पहिला प्रयोग केला. क्रासा तेव्हां तेरेझिनच्या बंदिवासांत होते. पुढील वर्षीं मुलांसही तेथेंच नेण्यांत आलें. हातीं असलेलीं वाद्यें पाहून क्रासा यांनीं संगीताची मांडणी नव्यानें केली, आणि २३ सप्टेंबर १९४३ रोजीं तेथील एका बराकींत नाटक उभें राहिलें. त्याचे ५५ प्रयोग झाले. मध्यंतरीं कैद्यांच्या गाड्या पूर्वेकडे जातच होत्या. आज गाणारें मूल कांहीं दिवसांनीं दिसेनासें होई आणि त्याची जागा दुसरें घेई.

त्या बंदिवासांत एमिल साउडेक यांनीं शेवटचे शब्द बदलले. जो न्यायावर प्रेम करतो, त्यास धरून राहतो आणि भीत नाहीं, तो आमचा सोबती, असा नवा आशय झाला. ज्यांचें घरदार गेलें, अनेकांचे आईबापही गेले, त्यांच्या तोंडीं जुने शब्द घालणें जड गेलें असावें, असें आम्हांस वाटतें. ब्रुंदिबार म्हणजे कोण, हें प्रेक्षकांस सांगावें लागत नव्हतें.

२३ जून १९४४ रोजीं रेड क्रॉसचे पाहुणे आले, तेव्हां छावणी सुखी आहे असें भासविण्यासाठीं हाच खेळ त्यांस दाखविण्यांत आला. मुलांनीं तो त्यांच्यापुढेंही शेवटपर्यंत गाइला. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत क्रासा यांस ऑश्विट्झला नेऊन ठार करण्यांत आलें. बालनटांपैकीं बहुतेकांची गति तीच झाली.

जर्मनींत हें नाटक प्रथम झालें तें १९८५ सालीं. फ्रायबुर्ग येथील सेंट उर्सुला विद्यालयांतील मुलांकडून तें एका धर्मभगिनीनें बसवून घेतलें होतें.