बाईच्या वेशातला सावकार

१६७० साली सुरत दुसऱ्यांदा लुटली, त्यानंतर शिवाजी महाराजांची फौज मोगलांच्या वऱ्हाडात, आपल्या कारंजात आली. उंची कापड, सोनं, चांदी चार हजार बैल-गाढवांवर लादून नेली. धनवानांना खंडणीसाठी धरलं. सगळ्यात मोठा सावकार मात्र निसटला, बाईचा वेश घेऊन! बायका-पोरांना धरू नये, हा महाराजांच्या फौजेचा नियम सभासदाच्या बखरीत आहे. म्हणजे त्या नियमाची खात्री शत्रूलाही होती. याचा मला अभिमान वाटतो.

तरी विचारते, कर्ते पुरुष नेलेल्या घरांत दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटली असेल? पुढे गावोगाव चौथाईचं लिहून घेतलं. वसुलाचा चौथा हिस्सा भरला, की फौजेपासून गाव सुरक्षित. तो हिस्सा शेवटी निघायचा कुणब्याच्याच कणगीतून.