शेवटच्या शर्यतीनंतरची वर्षे

लंडनच्या वायव्येला ट्रिंग नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात काचेमागे एक कुत्रा उभा आहे. त्याचे नाव मिक द मिलर. १९२६ साली आयर्लंडमध्ये एका खेड्यातल्या पाद्र्याकडे तो जन्मला, पिल्लू असताना डिस्टेंपरमधून जेमतेम वाचला आणि १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने इंग्लंडची ग्रेहाउंड डर्बी जिंकली. १९३४ साली तो एका चित्रपटातही झळकला. १९३९ साली मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून त्याला कायमचे उभे केले गेले. त्याने जिंकलेल्या शर्यती आणि त्यांच्या सेकंदाच्या शतांशापर्यंतच्या वेळा आजही पुस्तकात सापडतात.

त्याच्याबरोबर धावलेल्या आणि हरलेल्या कुत्र्यांचे पुढे काय झाले, हे मात्र त्या पुस्तकांत सापडत नाही.

हिशेब साधा आहे. ग्रेहाउंड साधारण सव्वा वर्षाचा झाला की मैदानात उतरतो आणि चार-पाच वर्षांचा होईतो बहुतेक संपतो. नीट जगला तर तो बारा वर्षांपर्यंत जगतो. म्हणजे आयुष्यातली सात-आठ वर्षे शेवटच्या शर्यतीनंतरची असतात. शर्यतींचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिली तीन वर्षे लिहिली. उरलेल्या वर्षांचा इतिहास वेगळ्याच माणसांच्या हातून घडला आणि त्यातला बराचसा गेल्या पन्नास वर्षांतला आहे.

सोलापूर, सांगली, विजापूरकडे ज्यांनी कारवानी किंवा मुधोळ कुत्रा पाहिला असेल त्यांना ग्रेहाउंड अनोळखी वाटणार नाही. तोच लांबट चेहरा, तीच खोल छाती आणि आत खेचलेले पोट. दोघेही शिकार नाकाने नव्हे, डोळ्याने करणारे. युरोपात अशा कुत्र्यांची जोडी जिवंत सशामागे सोडून पैजा लावण्याचा खेळ जुना आहे. अमेरिकेत तो ओवेन पॅट्रिक स्मिथ या माणसाने विसाव्या शतकाच्या आरंभी पाहिला आणि सशाचे मरण त्याला बघवेना. म्हणून त्याने रुळावरून पळणारा यांत्रिक ससा बनवला. बरीच वर्षे खटपट करून १९१९ साली कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे त्याने मैदान उघडले. ग्रेहाउंड शर्यतीचा आधुनिक धंदा जन्मला तो असा, एका प्राण्याविषयीच्या कणवेतून. ससा सुटला. कुत्र्याचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता, कारण कुत्र्याला तर पळायला आवडतेच!

२४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधली अशी पहिली शर्यत झाली. त्या संध्याकाळी सुमारे १७०० माणसे आली होती. काही आठवड्यांतच गर्दी दहा हजारांवर गेली. घोड्यांच्या शर्यती दुपारच्या आणि गावाबाहेरच्या. कुत्र्यांच्या शर्यती संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, ट्रामने जाता येईल अशा ठिकाणी. गिरण्यांतून आणि गोदीतून सुटलेल्या माणसाला तिथे चार शिलिंग हरता येत. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचची वर्षे या खेळाच्या भरभराटीची होती.

मग १९६१ साली ब्रिटनमध्ये रस्त्यावर बेटिंगची दुकाने उघडायला कायद्याने मुभा मिळाली आणि मैदानावर जाण्याचे कारण संपले. पण शर्यती संपल्या नाहीत, आणि ही गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. दुकानातल्या गिऱ्हाइकाला पैज लावायला दिवसभर काहीतरी लागते. त्यामुळे जवळपास रिकाम्या मैदानांवर दुपारी, सकाळी, दर पंधरा मिनिटांनी शर्यती होऊ लागल्या. प्रेक्षक कमी झाले तरी कुत्रे तितकेच लागत राहिले. प्रेक्षक असलेल्या खेळात निदान एखाद्या कुत्र्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते. दुकानाच्या पडद्यावर उरले ते सहा रंग: लाल, निळा, पांढरा, काळा, नारिंगी आणि पट्टेरी.

हरणारा कुत्रा जिंकणाऱ्याइतकेच खातो. तो वरच्या श्रेणीतून खालच्या श्रेणीत येतो, मग आणखी खाली, आणि एके दिवशी त्याच्या खाली श्रेणीच उरत नाही. काही मालक अशा कुत्र्याला घरी नेत. असे लोक आधीही होते, त्यांना विसरणे अन्यायाचे होईल. पण ज्याच्याकडे पाच-दहा कुत्रे आहेत त्याला ते परवडत नसे. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये निवृत्त ग्रेहाउंडांसाठी एक विश्वस्त संस्था निघाली, ती शर्यतींच्या धंद्यातल्याच लोकांच्या आधाराने. अमेरिकेत १९८०च्या दशकात स्वयंसेवकांचे गट उभे राहिले. त्यांतला ‘ग्रेहाउंड पेट्स ऑफ अमेरिका’ १९८७चा. १७ डिसेंबर १९८९ रोजी ‘द सिम्पसन्स’ ही मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात बाप नाताळचे पैसे कुत्र्यांच्या शर्यतीत घालवतो आणि शेवटचा आल्याबद्दल हाकलून दिलेला ग्रेहाउंड घरी घेऊन येतो. निवृत्त ग्रेहाउंड घरी आणता येतो, ही कल्पना बऱ्याच जणांनी प्रथम तिथे पाहिली असेल.

घरी आणल्यावर काय होते, हे मात्र या पहिल्या कुटुंबांना कुणी सांगितलेले नव्हते. तीन-चार वर्षांचा, पूर्ण वाढलेला, ताशी ६०-७० किलोमीटर वेगाने पळणारा प्राणी दारात उभा, आणि त्याने उभ्या आयुष्यात खोली पाहिलेली नाही. जिना म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. एकेका पायरीवर एकेक पाय उचलून ठेवत त्याला चढायला शिकवावे लागते. गुळगुळीत फरशीवर तो थिजून उभा राहतो. काचेच्या बंद दारातून तो सरळ जाऊ पाहतो. आरशातल्या कुत्र्याकडे बराच वेळ बघत बसतो. जन्मापासून तो इतर कुत्र्यांच्या गराड्यात राहिलेला असतो, त्यामुळे घरात एकटे राहण्याची पहिली दुपार त्याला सर्वांत कठीण जाते. त्याला हाक मारण्याचे एक नाव असते आणि शर्यतीच्या पत्रिकेत छापले जाणारे दुसरे. कधीकधी नवी माणसे तिसरेच ठेवतात.

बारीकसारीक शहाणपण हळूहळू साठत गेले. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड, म्हणून साधा गळपट्टा मागच्या मागे निसटतो. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा हवा. मोकळ्या जागी साखळी सोडायची नाही, कारण खार दिसली की तो हाकेपलीकडे गेलेला असतो आणि वाहन म्हणजे काय हे त्याला कळत नाही. घरात मांजर असेल तर पहिले काही दिवस तोंडाला मुसके. काही ग्रेहाउंड मांजराशेजारी झोपायला शिकतात, काही कधीच शिकत नाहीत, आणि हे आधी ओळखणे हेच दत्तक देणाऱ्याचे खरे कसब. तो झोपलेला असताना हात लावायचा नाही, आधी नावाने हाक मारायची. केनेलमध्ये झोपेत त्याला कुणी कुरवाळलेले नसते, त्यामुळे तो दचकून चावू शकतो. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून थंडीत कोट. दात बहुधा खराब.

आणि तो झोपतो. दिवसाचा बहुतेक वेळ झोपतो, पाठीवर, चारी पाय हवेत टाकून. ज्याला पळण्यासाठीच घडवले, त्याला घरात मऊ जागेखेरीज फारसे काही नको असते, हा शोध प्रत्येक घराने आपापला नव्याने लावला.

प्राण्यांच्या डॉक्टरांनाही शिकावे लागले. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि थायरॉइडचे प्रमाण कमी. तक्त्यात पाहिले तर धडधाकट कुत्रा आजारी ठरे. भूल देण्याच्या काही जुन्या औषधांतून तो इतर कुत्र्यांपेक्षा फार उशिरा शुद्धीवर येई. मैदानावरच्या डॉक्टरला पायाचे हाड आणि स्नायू बघायचे असत. दहा वर्षांच्या म्हाताऱ्या ग्रेहाउंडला काय होते, हे मोठ्या संख्येने पाहायला मिळाले ते असे कुत्रे घराघरांत म्हातारे होऊ लागल्यावर. अनेक निवृत्त ग्रेहाउंड रक्तदातेही झाले.

पण दत्तक गेलेल्यांच्या मागे न गेलेले होते. अमेरिकेत शर्यतीच्या कुत्र्याच्या कानात क्रमांक गोंदतात. एका कानात वेताचा नोंदणी क्रमांक, दुसऱ्यात जन्माचा महिना, साल आणि वेतातले अक्षर. १९९२ साली ॲरिझोनात एका ओसाड संत्र्यांच्या बागेत १४३ ग्रेहाउंडांची कलेवरे सापडली. ओळख पटू नये म्हणून कान कापलेले होते. २००६ साली इंग्लंडमधल्या सीहॅम गावी एक माणूस दहा पौंड घेऊन कुत्रे मारतो आणि आपल्या जागेत पुरतो, हे एका रविवारच्या वृत्तपत्राने उघड केले. पंधरा वर्षांत दहा हजारांच्या आसपास, असा त्या वृत्तपत्राचा अंदाज होता. त्याच्यावर खटला झाला, पण परवान्याशिवाय कचरा पुरल्याबद्दल. कुत्र्याला झटपट मारणे हा गुन्हा नव्हता.

सीहॅमनंतर ब्रिटनमध्ये चौकशी झाली, २०१० साली नियम आले, नियामक मंडळ २०१८ पासूनचे जखमांचे आणि मृत्यूंचे आकडे जाहीर करू लागले. २०२० पासून प्रत्येक कुत्र्यामागे निवृत्तीसाठी ४०० पौंड बाजूला ठेवायची योजना आली. यातला बराचसा बदल दत्तक चळवळीने घडवला, हे मान्य करायलाच हवे. तरी एक प्रश्न सलतो, आणि तो चळवळीतल्या लोकांनाही सलत आला आहे. निवृत्त कुत्र्यांना घरे मिळतात, म्हणून धंदा सभ्य दिसतो. सभ्य दिसतो, म्हणून चालतो. चालतो, म्हणून पुढच्या वर्षी आणखी कुत्रे निवृत्त होतात. मालकाला नकोशी झालेली उरलेली वर्षे स्वयंसेवक आपल्या पैशाने आणि आपल्या सोफ्यावर सांभाळतात. म्हणून गप्प बसावे, तर या वर्षीचा कुत्रा वाचतो. बोलावे, तर मैदानाचे दार बंद होऊन तोच कुत्रा हाती लागत नाही. कित्येक संस्थांनी वर्षानुवर्षे गप्प राहणे पत्करले. मला त्यांना दोष देववत नाही. २०२२ साली ब्रिटनमधल्या डॉग्ज ट्रस्ट आणि आरएसपीसीए या मोठ्या संस्थांनी, अनेक वर्षे धंद्याबरोबर एका टेबलाला बसल्यानंतर, शर्यती बंदच करा असे जाहीरपणे म्हटले.

आशियात मकाऊला कॅनिड्रोम नावाचे मैदान होते. तिथले कुत्रे मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येत. दत्तक देण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. जखमी झालेला किंवा हरू लागलेला कुत्रा जिवंत बाहेर पडत नाही, ही प्राणीमित्रांची जुनी तक्रार होती. जुलै २०१८ मध्ये मैदानाचा करार संपला आणि ते बंद झाले, तेव्हा आत ५३३ ग्रेहाउंड उरले होते. कंपनीने त्यांची काहीच तजवीज केलेली नव्हती. ते सरकारच्या ताब्यात गेले. मग अनिमा या स्थानिक संस्थेने आणि परदेशांतल्या दत्तक गटांनी इटली, ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका अशा देशांत त्यांना विमानाने पाठवले. हजारो मैलांवरच्या अनोळखी घरांनी काही महिन्यांत एवढे मोठे कुत्रे सामावून घेतले, कारण ग्रेहाउंड घरात कसा ठेवायचा हे तिथे तीस-चाळीस वर्षे जमा होत आले होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या मतदारांनी, १०० पैकी ६९ जणांनी, तिथल्या शर्यती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेतली बहुसंख्य मैदाने फ्लोरिडात होती. ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथे शर्यत झालेली नाही. आता अमेरिकेतल्या दत्तक गटांकडे घरांची रांग आहे आणि कुत्रे नाहीत. काही गट आयर्लंडहून आणि ऑस्ट्रेलियाहून ग्रेहाउंड मागवतात. ज्यांनी चार ग्रेहाउंड ओळीने सांभाळले आणि पुरले, त्यांना पाचवा मिळत नाही. बंदीसाठी मत देणाऱ्यांतही अशी माणसे होती.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंड सरकारने शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मुदत दिली जुलै २०२६ अखेरपर्यंत, म्हणजे जवळपास वीस महिने. एवढा अवधी कशासाठी, तर सुमारे २९०० कुत्र्यांना घरे शोधायची होती. मकाऊत कुत्रे मोजले गेले ते दाराला कुलूप लागल्यावर. न्यूझीलंडमध्ये आकडा निर्णयाबरोबरच जाहीर झाला.